नकाशी गाईचा चौथा सड

परत आल्यापासून सगळे मला एकच विचारतात, की बारामती-इंदापूरकडे आठ दिवस काय करत होतीस. मी खरं ते सांगते. एका गाईचं रक्त काढत होते, ते यंत्रात गरगर फिरवत होते आणि त्यातलं थोडं परत तिलाच देत होते. यावर समोरचा माणूस "बरं" म्हणतो आणि तिकडे थंडी कशी होती ते विचारतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. थंडी छान होती.

मी मूळची वेंगुर्ल्याची, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमचं काम एका वाक्यात सांगता येतं, पण ते करायला चार वर्षं गेली. आपण जंतूंवरचं औषध घेतो तेव्हा ते अंगभर पसरतं आणि जिथे हवं तिथे जेमतेम पोचतं. उलट, शरीरात कुठेही जंतू शिरले की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी आपणहून तिकडे धाव घेतात. त्यांना कुणी पाठवावं लागत नाही. तर आमचं म्हणणं इतकंच, की त्या जाणारच आहेत, मग जाताना त्यांच्याबरोबर औषध द्यावं. औषध चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरायचं, थेंब पेशींना गिळायला द्यायचे आणि पेशी परत रक्तात सोडायच्या. काचेच्या बशीत हे जमलं. उंदरांत जमलं. मोठ्या जनावरात आम्ही कधी केलेलं नव्हतं.

गाय निवडली ती कासेमुळे. गाईच्या कासेचे चार कप्पे आतून एकमेकांपासून वेगळे असतात आणि प्रत्येकाचा सड वेगळा. एका कप्प्यात जंतू, बाकी तीन ठणठणीत, अशी गाय मिळाली तर चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासून औषध नेमकं कुठे पोचलं ते कळतं. परवानग्यांची सगळी कागदपत्रं हातात आली त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जिन्यात एकटीच नाचले. तोपर्यंत मी आयुष्यात एकाही गाईला हात लावलेला नव्हता, हे मात्र कुठल्याच अर्जात विचारलेलं नव्हतं.

बारामती एमआयडीसी

सकाळी कारखान्यांची पाळी सुरू व्हायच्या वेळेला पोचले. रस्ता मोटरसायकलींनी भरून वाहत होता, प्रत्येकाच्या हँडलला डब्याची पिशवी. एका दूध कारखान्याने तपासणी विभागातला एक ओटा आम्हाला आठवडाभर वापरायला दिला होता. तिथे माझं रक्त फिरवायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि सात खोकी उतरवून घेताना डॉ. खरात भेटले.

खरात इंदापूर तालुक्यातले पशुवैद्य. पन्नाशीचे, उंच, पायात गमबूट. सव्वीस वर्षं जनावरांमध्ये काढलेला माणूस जसा निवांत असतो तसे निवांत. आमच्यासाठी गाय त्यांनीच शोधली होती. चहा पिताना त्यांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुमच्या ह्या पेशींना पत्ता कोण सांगणार?"

मी म्हटलं, "जंतू असतात तिथून रसायनं सुटतात. त्या वासावर जातात."

"आणि औषध पोटात असताना वास येतो त्यांना?"

"उंदरांमध्ये आला."

"उंदीर बारका असतो," खरात म्हणाले. "कुठं बी गेलं तरी पोचल्यासारखंच हाय."

मी चहाचा घोट घेतला. चार वर्षांत आम्हाला जेवढे प्रश्न परिषदांमध्ये विचारले गेले, त्यांतला कुठलाच इतका नेमका नव्हता.

बावडा

बारामतीहून बावड्याला जाताना उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर बाजूने लोंबणारा ऊस, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने, की ट्रॉली दिसायच्या आधी ऐकू यायची. आमच्याकडे कोकणात रस्त्यावर अडून राहायला वळणं असतात. इथे रस्ता सरळ आणि पुढे सगळा ऊस. मला मात्र कशाचाच कंटाळा येत नव्हता. मी खिडकीतून दिसणारी प्रत्येक गाय मोजत होते. सत्तेचाळीसपर्यंत मोजल्या, मग खरातांनी सांगितलं की त्यांतल्या बऱ्याच म्हशी होत्या.

शालनकाकू आणि तात्यांची वस्ती गावापासून थोडी आत, उसाच्या आणि मक्याच्या मधोमध. गोठ्यात सहा गाई. आमची गाय शेवटची, काळी-पांढरी, दांडगी. तिच्या डाव्या कुशीवर पांढऱ्यावर काळा डाग होता, तो हुबेहूब नकाशातल्या महाराष्ट्रासारखा, अगदी नागपूरकडच्या टोकासकट. म्हणून तिचं नाव नकाशी.

"ह्ये बघा, हितं बावडा येतंय," शालनकाकूंनी डागावर बोट ठेवलं. "आन तुमचं गाव कुठं म्हनला?"

मी वेंगुर्ला दाखवलं. ते पोटाखाली येत होतं. तिथे बोट लावल्यावर नकाशीने शेपटीचा फटका मारला, तो माझ्या चष्म्यावर बसला. गाईला हात लावायचा माझा पहिला प्रसंग असा पार पडला.

काकू पंचेचाळिशीच्या. बोलताना हात कामातच. नकाशी व्यायली त्याच आठवड्यात तिच्या मागच्या डाव्या सडाला दगडी झाली, म्हणजे तो कप्पा सुजून दगडासारखा घट्ट झाला. दुधात गाठी यायला लागल्या. खरातांनी नळीने सडात औषध तीन वेळा सोडलं. सूज उतरे आणि परत येई. हा जंतू चिवट, कासेच्या पेशींच्या आत लपून बसणारा. आजारी सड सगळ्यात शेवटी पिळायचा असतो, नाहीतर हाताने रोग पसरतो. म्हणून घरात त्या सडाला सगळे चौथा म्हणत. आता पुढचा उपाय म्हणजे तो कप्पा औषधाने कायमचा आटवून टाकायचा.

"माजी पयल्या वेताची गाय हाय," काकू म्हणाल्या. "आत्ताच एक सड मारायचा तर पुढं तिनं काय करायचं? डाक्टर म्हनलं, पुन्याची बाई येती, ती काय तरी निराळं करती. म्हनलं, येऊ द्या."

तात्या त्यांचे यजमान. बोलणं कमी. त्यांनी संमतीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग परत पहिल्या ओळीपासून वाचला. मग विचारलं, "ह्यात लिवलंय, उपेग हुईलच असं न्हाय."

"हो. खरंच नाही सांगता येत."

"मंग बरं हाय," तात्या म्हणाले आणि सही केली. खात्रीने सांगणाऱ्यांचा त्यांना बहुतेक चांगला अनुभव नसावा.

दुपारी जेवायला शेंगोळे होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणीच्या झणझणीत रश्शात शिजवलेले. दुसऱ्या घासाला मला चव ओळखीची वाटली. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आमच्याकडे त्याची पिठी होते आणि भाताबरोबर येते. इथे त्याच पिठाच्या वळ्या करून भाकरीबरोबर खातात. मी तीन वाट्या खाल्ल्या. काकूंनी चौथी न विचारता वाढली.

भिगवण

दुसऱ्या दिवशी सकाळी खरातांनी नकाशीच्या मानेच्या शिरेतून दोन पिशव्या रक्त काढलं. एवढ्या मोठ्या जनावराला ते फारसं जाणवत नाही; ती अख्खा वेळ घास खात उभी होती. घायाळ झाल्यासारखा चेहरा माझा होता.

पिशव्या टॉवेलात गुंडाळून मी थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या. ह्या पेशींचं एक दुखणं असतं. शरीराबाहेर त्या काही तासच जगतात, आणि त्यांना गारठा अजिबात चालत नाही. साध्या हवेत ठेवायचं आणि लवकर कामाला लागायचं. आतल्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागल्याचा खरातांना फोन आला, म्हणून आम्ही इंदापूरवरून मोठा रस्ता धरला आणि भिगवणला आलो. हाताशी भरपूर वेळ होता. खरात म्हणाले, "वीस मिनिटं. भिगवणवरून मासं न खाता गेलो तर घरी तोंड दाखवता यायचं न्हाय."

मी तोंड वाकडं केलं. वेंगुर्ल्याच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासा वाटत नाही. मी आईला फोन लावून कुठे आहे ते सांगितलं. तिकडून आई म्हणाली, "गोड्या पाण्यातलो मासो? तो कसलो मासो?"

उन्हात गाडी तापेल म्हणून खरातांनी खोकं उचलून हॉटेलात आणलं आणि गल्ल्याशेजारी सावलीत ठेवलं. समोर उजनीचं पाणी पसरलेलं, कडेला होड्या, आणि लांब पाण्यात गुलाबी-पांढरी एक रेघ. रेघ मध्येच हलली तेव्हा कळलं की ते रोहित पक्षी आहेत. तेवढ्यात उजनीतला चिलापी मासा आला. तव्यावर कडक भाजलेला, वर काळा मसाला. मी आईशी प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं. पहिल्या तुकड्यापर्यंत राहिले. मग दुसरी चिलापी मागवली.

हात धुऊन आम्ही उठलो तर हॉटेलचे मालक पोपटराव खोकं स्वतः उचलून गाडीपर्यंत आले. पोट सुटलेला, प्रेमळ माणूस.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या डब्यात बर्फच न्हवता. कुनी भरून दिला ओ तसा? मी चांगला काठोकाठ घालून दिलाय. आता पुन्यापतुर माशाला काय व्हत न्हाय."

मी झाकण उघडलं. वरपर्यंत फोडलेला बर्फ. टॉवेलाचं एक टोक बाहेर.

पोपटरावांनी माझा चेहरा पाहिला. "आत मासं न्हवतं व्हय?"

"गाईचं रक्त होतं," खरात म्हणाले.

पोपटराव बराच वेळ एकदा खोक्याकडे, एकदा आमच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याला बर्फ चालत न्हाय का?"

आता आठवून हसू येतं तसं तेव्हा आलं नाही, असं लिहायला हवं. पण खरी गोष्ट अशी, की मला तिथेच हसू फुटलं. खरात गाडीला टेकून हसायला लागले, पोपटराव काही न कळून हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं, कारण बर्फातल्या त्या दोन पिशव्यांमध्ये माझी सगळी सकाळ होती, आणि नकाशीचं रक्त फुकट गेलं होतं.

बारामतीला जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काही पेशी मेल्या होत्या, उरलेल्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या. औषधाचे थेंब शेजारी ठेवले तरी एकीनेही गिळले नाहीत.

पुन्हा बावडा

"दोन दिवस परत रक्त काढायचं न्हाय," खरातांनी सांगितलं. त्यात तडजोड नव्हती आणि ते बरोबरही होतं. मी मधल्या दिवशी बावड्याला गेले ती काकूंना तोंड दाखवायला. फोनवर सांगणं मला बरं वाटेना.

गोठ्यात उभं राहून सगळं सांगितलं. काकूंनी बर्फाचं ऐकून पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं मला वाटलं. त्या हसत होत्या. पोट धरून हसल्या. तात्यासुद्धा वैरण टाकता टाकता थांबले आणि त्यांच्या मिशीत हालचाल झाली.

मग काकू एकदम कामाचं बोलल्या. "त्ये रगत घिऊन तुमी साठ-सत्तर किलोमीटर जानार, तितं फिरवनार, परत हितं आननार. मंग यंत्रच हितं आना की. काय लई मोठं हाय का?"

"पंचवीस किलो असेल."

"आमचा वैरणीच्या मुरघासाचा एक गठ्ठा ह्याहून जड आस्तो," काकू म्हणाल्या. "ठिवा माज्या सैपाकघरात."

मी पुण्याला आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, फोन केला. ते म्हणाले, "धूळ येणार नाही अशी व्यवस्था कर आणि सगळं लिहून ठेव." सरांच्या भाषेत ही परवानगी असते.

चौथ्या दिवशी सकाळी काकूंचं स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. त्यांनी पहाटेच ओटा तीन वेळा पुसला होता, खिडकीला ओलं धोतर लावलं होतं, आणि चूल-गॅस सगळं बाहेर पडवीत हलवलं होतं. ओट्यावर एका बाजूला मसाल्याचे डबे, दुसऱ्या बाजूला माझं यंत्र आणि सूक्ष्मदर्शक. मी हातमोजे घातले तर काकूही हात धुऊन, डोक्याला घट्ट फडकं बांधून उभ्या राहिल्या. "मी कायबी हात लावनार न्हाय. नुस्ती बघनार."

खरातांनी रक्त काढलं, या वेळी एकच पिशवी. गोठ्यातून स्वयंपाकघरापर्यंत तीस पावलं. नळ्या भरल्या, यंत्र सुरू केलं. ते जरा वेगात आलं आणि घरघरत परत मंदावलं. विजेचा दाब पडला होता. आजूबाजूला सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या होत्या.

मी घड्याळाकडे पाहिलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी चपला घातल्या, मोटरसायकलला किक मारली आणि गेले. दहा मिनिटांनी यंत्राचा आवाज बदलला, चढत गेला आणि एकसारखा झाला. तात्यांनी वस्तीवर घरोघर जाऊन दोन तास मोटारी बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ठेवल्या होत्या. आमच्या नकाशीचं रक्त फिरतंय, एवढंच कारण त्यांनी दिलं होतं. पाच मिनिटांत ते बघायला अर्धी वस्ती अंगणात जमली.

नळ्या बाहेर काढल्या. तळाला तांबडा थर, वर पिवळसर पाणी, आणि मधे पांढुरकी साय धरल्यासारखी पातळ रेघ.

"डेअरीत मलई काढत्यात तसंच हाय की," काकू म्हणाल्या. "जड खाली, हलकं वर."

"अगदी तेच आहे, काकू. आपल्याला हव्यात त्या मात्र खाली बसलेल्या, तांबड्यांत मिसळून राहिलेल्या. त्या आता निवडायच्या."

मला हे समजावायला पदवीच्या पहिल्या वर्षी शिक्षकांना दोन तास लागले होते. काकूंनी मान हलवली आणि मला पुढचं विचारलं. तांबड्या पेशी फोडून टाकल्या, पांढऱ्या धुतल्या, औषधाच्या थेंबांबरोबर नळीत घातल्या आणि नळी कोमट पाण्यात ठेवली. थेंबांत आम्ही एक रंगही घातला होता, निळ्या उजेडात हिरवा चमकणारा, म्हणजे पेशी कुठे गेल्या ते पुढे शोधता यावं. पाऊण तासाने पाहिलं तर बहुतेक सगळ्या पेशींच्या पोटात थेंब होते. मी इतक्या जोरात "गिळले" म्हणाले, की अंगणातून कुणीतरी विचारलं, "कुनी गिळलं? काय झालं?"

दुपारी बाराच्या आत पेशी सलाइनच्या बाटलीतून थेंब थेंब नकाशीच्या रक्तात परत जात होत्या. आम्ही चौघं गोठ्यात उभे. खरात नाडी आणि श्वास बघत होते. तात्या गाईच्या मानेवर हात ठेवून होते.  मग तात्यांनी विचारलं, "म्याडम, त्या पेशी तितं पोचल्या, औषध टाकलं. मंग त्या माघारी येत्यात का?"

"नाही," मी म्हटलं. "त्या तिथेच संपतात. त्या फुटल्या की औषध बाहेर पडतं. तशाही त्या फार थोडं जगतात, तात्या. एखादाच दिवस."

काकू बाटलीकडे बघत होत्या. "म्हंजी ह्या आता चालल्या त्या चालल्या."

"हो."

त्यांनी नकाशीच्या पाठीवरून हात फिरवला. मी चार वर्षं ह्या पेशी मोजल्या, रंगवल्या, लाखांनी टाकून दिल्या. त्या क्षणापर्यंत त्यांच्याबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं.

पाच वाजता धार काढली. चार सडांचं दूध चार नळ्यांत. खरातांनी मला गोठ्याबाहेर घालवलं. कुठली नळी कुठल्या सडाची ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी खिशात टाकली आणि नळ्यांवर नुसते आकडे घातले. "तुमचं मन तुमाला पाहिजे तेच दाखवील," ते म्हणाले. "माझं बी तसंच हाय. म्हनून हे."

हिरवी चमक बघायला अंधार लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी काळी खोली असते. इथे पश्चिमेचं ऊन थेट घरात येत होतं. काकूंनी कपाटातून जाड वाकळ काढली, जुन्या साड्यांची शिवलेली, आणि ती माझ्यावर आणि सूक्ष्मदर्शकावर दोन्ही बाजूंनी टाकली. आत गच्च अंधार, गरम, नेफ्थलीनचा वास. बाहेरून पावलांचे आवाज.

पहिली काच. काळं. सगळीकडे काळं.

"एक नंबर, काही नाही," मी वाकळीतून ओरडले.

दुसरी. काळं, आणि कडेला एक हिरवा ठिपका. एकच.

"दोन नंबर, एक पेशी."

तिसरी काच सरकवली आणि चूल फुंकल्यावर ठिणग्या उडाव्यात तशा दिसल्या. हिरव्या, बारीक, शंभरावर. काच इकडे सरकवली तरी तेच, तिकडे सरकवली तरी तेच.  मी श्वास धरून चौथी काच लावली. काळी. परत तिसरी लावली. होत्या.

मी डोकं बाहेर काढलं तेव्हा केस विस्कटलेले, चष्म्यावर वाफ. म्हटलं, "तीन नंबर."

खरातांनी खिशातून चिठ्ठी काढली. उघडली. वाचली. परत घडी घातली. त्यांचा तो निवांत चेहरा कुठेतरी निघून गेला होता.

"मागचा डावा. आपला चौथा," ते म्हणाले.

काकू वाकळ उचलून आत शिरल्या. आम्ही तिघं बाहेर. वाकळ श्वास घेतल्यासारखी हळूहळू हलत होती. मग आतून आवाज आला, अगदी बारीक. "ह्या आपल्या नकाशीच्या?"

"हो काकू."

"गेल्या व्हय गं बरोबर. कुनी न सांगता."

त्यांच्यानंतर तात्या आत गेले. ते इतका वेळ बाहेर येईनात, की काकूंना वाकळ ओढावी लागली. मग अंगणातल्या लोकांनी रांग लावली. त्या संध्याकाळी बावड्याच्या वस्तीवर एकोणीस माणसांनी वाकळ पांघरून नकाशीच्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. मी प्रत्येकाला तेच सांगत होते आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतेय असं वाटत होतं. शेवटी काकूंनी सगळ्यांना गूळ घातलेला चहा दिला. खरातांनी कप घेतला आणि मला म्हणाले, "एका गाईवर काय सिद्ध व्हत न्हाय, मॅडम."

"मला माहीत आहे."

"माहीत हाय ते हाय," ते म्हणाले. "पण झकास झालं."

पुणे

पुढच्या दिवसांत एकाआड एक दिवस आणखी दोनदा पेशी दिल्या. वस्तीतल्या मोटारी दोन्ही वेळा न सांगता बंद झाल्या. सूज उतरली. दुधातल्या गाठी गेल्या. पण सूज तर आधीही तीनदा उतरून परत आली होती, म्हणून मी कुणालाही आनंद करू दिला नाही, स्वतःलाही नाही. औषधाचा अंश असेपर्यंत दूध डेअरीला घालायचं नव्हतंच. तात्या ते रोज न चुकता ओतून देत. मी पुण्याला परतले आणि खरात ठरल्या दिवशी चौथ्या सडाचं दूध पाठवत राहिले. त्यात जंतू वाढतायत का ते आम्ही बघत होतो.

पहिल्या आठवड्यात काही वाढलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या वेळी सरांनी स्वतः काचेची बशी हातात घेऊन उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "फोन कर त्यांना."

मी पॅसेजमध्ये जाऊन काकूंना फोन लावला. आवाजावरून त्या गोठ्यात होत्या.

"काकू, चौथ्या सडात काहीच सापडलं नाही."

 तिकडून पडलेल्या आवाजात, "म्हंजी एवढं सगळं करून कायच न्हाय?"

"नाही नाही. म्हणजे जंतू सापडले नाहीत. एकही नाही. सड बरा झालाय."

  तिकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "थांबा. मला नगा सांगू. तिला सांगा."

"कुणाला?"

"नकाशीला. फोन धरते तिच्या कानाला. तुमीच सांगा."

पॅसेजमध्ये तेव्हा दोन विद्यार्थी, हिशोब विभागाच्या बाई आणि दारात आमचे सर उभे होते. मी घसा साफ केला. आणि चारचौघांसमोर, शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत, एका गाईला तिचा अहवाल वाचून दाखवला, नमुन्याच्या आकड्यासकट. वाचून झाल्यावर मी थांबले. पलीकडून आधी घंटेचा आवाज आला, मग एक मोठा, ओला फुरका, आणि त्यामागे काकूंचं हसू.